आभाळाचा वाटा

मुलतान, १४ एप्रिल

अझहर,

सलाम. तू फोनवर माझा नंबर बंद करून टाकलायस, म्हणून हा टपालाचा खटाटोप. सौदीतला, दम्माममधला तुझा पत्ता कासिमच्या आईकडून मिळवला. दोन कप चहा झाल्याशिवाय तिने तो हातावर ठेवला नाही. वर म्हणाली, "नुजहत, सख्ख्या भावाचा पत्ता शेजारणीकडे मागायचा, असे दिवस दुश्मनावरही न येवोत." मी म्हटलं, "खाला, दुश्मनाचा पत्ता मला पाठ आहे."

कामाचं लिहिते. अब्बांची छाती पार गेली आहे. जन्मभर सरकी काढण्याच्या कारखान्यात कापसाची धूळ खाल्ली, ती आता वसुली करते आहे. डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं यंत्र ठेवायला सांगितलं, ते एका धर्मादाय संस्थेकडून मिळालं. यंत्र चांगलं आहे, एवढंच की ते विजेवर चालतं. आणि मुलतानची वीज तुला माहीत आहे. बत्ती गेली की यंत्र 'टी टी' करून ओरडतं, मग मी सिलिंडर उघडते, आणि आम्ही दोघं छताकडे बघत बसतो. सिलिंडर भरून आणायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागतं.

म्हणून सोलरचा विचार चालू आहे. तू गेलास तेव्हा हे फॅड नव्हतं. आता गल्लीत ज्याच्या छतावर प्लेटा नाहीत, त्याच्या पोरीला स्थळ येत नाही. तन्वीर म्हणून एक प्लेटा लावणारा आहे, तो येऊन बघून गेला. जिभेवर साखर घोळवूनच बोलतो. "बाजी, सूर्य कधी हरताळ करत नाही, बिल पाठवत नाही, चहा मागत नाही. पाच वर्षांत पैसे वसूल, पुढची वीस वर्षं फुकट." मी डॉक्टरांना विचारलं होतं, अब्बांचं काय. ते म्हणाले, येता हिवाळा बघितला तर अल्लाहची मेहरबानी. तेव्हा तन्वीर पाच वर्षांचं बोलत होता आणि मी मनात महिने मोजत होते. बापाच्या श्वासाला परवडतं की नाही, हा हिशेब पोटची पोर करते, याची मला लाज वाटली. तरी केला. माझ्या लग्नातल्या बांगड्या अजून आहेत. त्या पुरतील, बॅटरीसकट.

अडचण पैशांची नाही, छताची आहे. अंगणात ऊन उतरत नाही, आणि छत तुझं आहे.

तन्वीर वर माप घेत होता तर अब्बांनी खाटेवरून आवाज दिला, "कोण चढलंय कुणाच्या छतावर?"

"साईं, तुमच्याच."

"माझं नाही ते. मालक परगावी आहे. उतर खाली."

एवढं बोलण्यात त्यांचा दम गेला, तो परत यायला दुपारची जोहरची नमाज टळली.

आपल्या वाटणीचा दिवस मी विसरलेले नाही. मी विधवा होऊन परत आले म्हणून अब्बांनी खालचं घर मला दिलं आणि छत तुला, वर मजला बांधायला. रजिस्ट्री करून दिलं. तू भरल्या ताटावरून उठलास. "तिला जमीन आणि मला आभाळ? आभाळ घेऊन काय चाटू?" म्हणालास आणि त्याच आठवड्यात परदेशी नोकरीचा एजंट गाठलास. अब्बांनी त्यानंतर तुझं नाव घेतलेलं नाही. 'तो' म्हणतात.

मला तुझ्याकडून दोनच ओळी हव्या आहेत. 'आपाने छतावर प्लेटा लावाव्यात, माझी हरकत नाही.' एवढ्या ओळी दाखवल्या तर अब्बा नाही म्हणणार नाहीत. बाकी तुझा राग तुझ्याजवळ ठेव, मी तो मागितलेला नाही.

नुजहत

&nbsp;

१९ मे

अझहर,

पहिलं पत्र पोचलं नसेल असं धरून चालते. पोचलं असेल तर हे दुसरं.

उन्हाळा पेटला आहे. इथे म्हणतात ना, धूळ, ऊन, भिकारी आणि कबरस्तान ही मुलतानची चार लेणी. बत्तीची ये-जा हे पाचवं. परवा दुपारी गेलेली बत्ती संध्याकाळी मगरिबच्या अजानला आली. सिलिंडर दुपारीच रिकामा झाला होता. मी विणलेल्या पंख्याने वारा घालत राहिले. वाऱ्याने काय होतं, हवा तीच. अब्बांचे ओठ जांभळे पडले होते. कासिमने रिक्षातून दुसरा सिलिंडर आणला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "तू जेवलीस का?"

मी पुन्हा विषय काढला. या वेळी भांडले.

"अब्बा, नऊ वर्षं झाली. तो मजला बांधायचा नाही."

"तुला काय माहीत?"

"त्याच्या मजल्याच्या सळ्या बघून आलेय मी वर. गंजून गेल्यात."

"गंजलं म्हणून लोखंड, लोखंड राहत नाही का? वर प्लेटा पसरल्यास, आणि तो आला बायकापोरं घेऊन, तर निजेल कुठे? तुझ्या चुलीत?"

आता तुला एक सांगते, जे त्यांनी सांगू दिलं नसतं. खांबांच्या डोक्यावर तुझ्या मजल्यासाठी सोडलेल्या त्या सळ्या आहेत ना, त्यांना अब्बा दर हिवाळ्यात इंजिनाचं जळकं तेल फासायचे. गंज धरू नये म्हणून. मला म्हणायचे, टाकी बघून येतो. टाकी बघायला गेलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत काळे कसे होतात, हे मी कधी विचारलं नाही. गेली दोन वर्षं जिना चढवत नाही, म्हणून गंजल्या. जो बाप तुझं नाव घेत नाही, तो तुझं लोखंड राखत बसला होता.

बरं, भावनेचं राहू दे. तू व्यवहाराचा माणूस आहेस, व्यवहाराचं बोलू. तू ज्याला फुकटचं आभाळ म्हणालास, ते आता सोन्याच्या भावाचं झालंय. आपल्या छतावर सकाळी ऊन चढलं की असरच्या नमाजपर्यंत हलत नाही. ना मिनाराची सावली, ना झाडाची, ना कुणाच्या टाकीची. तन्वीर म्हणतो, अख्ख्या मोहल्ल्यात असं छत नाही. मागचे हाजी मुनव्वर, कापडवाले, त्यांची तीन मजल्यांची हवेली. पण त्यांचं छत टाक्यांनी आणि एसीच्या डब्यांनी भरलंय. रोज संध्याकाळी ते वरून आपल्या छताकडे बघतात आणि जिभेने चक्‌ चक्‌ करतात. "बाजी, असं छत, आणि त्यावर नुसत्या गंजक्या सळ्या!"

तेव्हा तुझं नुकसान काही नाही. तू मजला बांधायला आलास तर प्लेटा काढून बाजूला ठेवीन. हवं तर अब्बांनंतर प्लेटा तुझ्या. हवं तर मी तुला भाडं देते. लोकांची छतं भाड्याने जातायत आजकाल. तुझ्या आभाळाला किंमत आली आहे, अझहर, ती ओळख. आणि उत्तर दे.

नुजहत

&nbsp;

२३ जून

अझहर,

बकरी ईद झाली. तुझ्या नावाचा वाटा दरवर्षीप्रमाणे बाजूला काढला आणि दरवर्षीप्रमाणे कासिमच्या घरी दिला. अब्बांनी रस्सा चाखला, बोटी बाजूला ठेवली. चावायला श्वास लागतो.

तुझं पत्र नाही, म्हणून मी तुझं पत्र रचलं.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी मला कळणार कसं? झालं असं की ईदच्या आदल्या रात्री अब्बांना इस्पितळात न्यावं लागलं. परत आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता यंत्र घटकाभरही बंद नको. मी शेजारच्या पोराच्या वहीतला कागद घेतला, घडी घातली आणि अब्बांसमोर बसले. म्हटलं, "अझहरचं पत्र आलंय."

त्यांनी उशी सरकवून पाठ टेकली. मग म्हणाले, "वाच."

कोऱ्या कागदावरून वाचणं किती अवघड असतं, मला माहीत नव्हतं. मी वाचलं, 'आपा, प्लेटा जरूर लावाव्यात, माझी हरकत नाही. अब्बांना सलाम.' अब्बांनी नळी नाकातून काढून हातात धरली. "सलाम असं लिहिलंय, की माझा सलाम असं?"

"माझा सलाम, अब्बा."

"परत वाच."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा मी तुझ्या पोरीची ख्यालीखुशालीही घातली. तिचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून 'तुमची नात' म्हणाले. तुला पोरगी आहे एवढंच कासिमच्या आईने सांगितलं होतं.

अब्बा म्हणाले, "मालकाचा हुकूम आला, आता लाव. पण सळ्यांना हात लावायचा नाही. प्लेटा सळ्यांच्या वर उभ्या करा."

तन्वीरला बोलावलं. तो म्हणाला, "वर उभ्या करू, साईं. तुमच्या सळ्यांना धक्का लागला तर माझी मिशी उतरवा." उंच सांगाडा म्हणजे आणखी लोखंड, आणखी खर्च. कानातल्या रिंगाही गेल्या. काय करू त्या घेऊन, कान म्हातारे झाले. तन्वीरला आगाऊ रक्कम दिली आहे, पंधरा-वीस दिवसांत काम सुरू होईल.

फायदा की तोटा हे मी आता मोजत नाही. पाच वर्षांचा हिशेब ज्यांना पाच वर्षं दिसतात त्यांनी करावा. अब्बांची एक दुपार नीट गेली तरी मला प्लेटा फिटल्या.

पहिल्यांदाच जरा हलकं वाटतंय. तू कधी आलास आणि अब्बांनी त्या पत्राचं विचारलं, तर 'लिहिलं होतं' म्हण. एवढं खोटं तुझ्या वाट्याला ठेवते.

आपा

&nbsp;

११ जुलै

अझहर,

तू पत्रं वाचलीस तर. तिन्ही की पहिली दोन?

काल असरनंतर हाजी मुनव्वर आले. जिलबी घेऊन आले. मला वाटलं, अब्बांची तब्येत विचारायला. खुर्ची ओढली, अब्बांना दुआ दिली, मग मला अंगणात बोलावून घेतलं आणि खिशातून कागद काढला. छत विकण्याचं तुझं मुखत्यारपत्र, तुझी सही, तुझ्या अंगठ्याजवळ वकिलातीचा शिक्का. छत त्यांचं झालं.

मी म्हटलं, "हाजीसाहेब, चूक होतेय काहीतरी."

"चूक कशी, बाजी? अझहरमियाँचा स्वतः फोन आला होता. म्हणाले, माझ्या छतावर सकाळी ऊन चढलं की असरच्या नमाजपर्यंत हलत नाही. ना मिनाराची सावली, ना झाडाची, ना कुणाच्या टाकीची. मी म्हटलं, दम्मामला बसून तुम्हाला कसं ठाऊक? तर म्हणाले, माझी बहीण तिथेच राहते, तिने लिहून कळवलंय."

माझंच वाक्य, अझहर. कानामात्रा न बदलता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तुला वीस पानं लिहिली असती तरी बापाची दया आली नसती, आणि उन्हाच्या दोन ओळी लिहिल्या तर लगेच गिऱ्हाईक बघितलंस. मला विचारायचंस तरी. मी कुठून पैसे उभे केले असते, ते माझं मी बघितलं असतं. घर विकलं असतं. पण तुला छत आपाला विकायचं नव्हतं. जमीन तिला मिळाली हे तुझ्या घशात अडकलेलं हाड, ते नऊ वर्षांनी तू माझ्या ताटात काढून ठेवलंस.

हाजी वाईट माणूस नाही. मला रडताना बघून त्यांनी मान खाली घातली. मी विचारलं, "तुमच्या प्लेटांमधून एक तार खाली सोडाल? फक्त यंत्रापुरती. पैसे देईन."

"बाजी, तुम्ही मला बहिणीसारख्या. पण तीन एसी, सुनांचे हट्ट, खाली शिवणाची यंत्रं. उन्हाळ्यात मलाच पुरायची नाही. थंडीत या ना. थंडीत वीज उरते, तेव्हा खुशाल घ्या."

थंडीत या. मी 'शुक्रिया' म्हणाले. आणखी काय म्हणणार होते? जिलबी फेकून द्यावीशी वाटत होती, पण अब्बांना वास आला होता आणि त्यांना एक कडं हवं होतं.

जाताना जिन्याचं सांगून गेले. घरातल्या जिन्याने त्यांची माणसं ये-जा करणं बरं दिसत नाही, घरात बाई एकटी. म्हणून गल्लीतून बाहेरून लोखंडी जिना लावतील, आणि आपला आतला जिना वरच्या तोंडाशी विटांनी बंद करतील. माझ्याच इज्जतीसाठी.

तन्वीर आगाऊ रक्कम परत करून गेला. नजर वर करत नव्हता. हाजींनी काम त्यालाच दिलंय. माझ्यासाठी आणून ठेवलेल्या त्याच प्लेटा. "बाजी, मी नाही लावल्या तर दुसरा लावेल," म्हणाला. खरं आहे. मी त्याला चहा दिला.

आता बांगड्या नाहीत, पैसे आहेत. त्यातून दोन मोठे सिलिंडर घेतले. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, ठीक आहे, जेवढं चालेल तेवढं.

अब्बांना यातलं काही सांगितलेलं नाही.

नुजहत

&nbsp;

२६ जुलै

अझहर,

हे शेवटचं. तुझ्या उत्तराची वाट बघून नाही लिहीत. अब्बांनी निरोप दिलाय, तो पोचवणं माझं काम.

काल हाजींची माणसं छतावर चढली. सकाळपासून डोक्यावर पावलं, लोखंड ओढल्याचा आवाज. अब्बा खाटेवर डोळे मिटून ऐकत होते. मग ते कापायचं चक्र सुरू झालं. तुला तो आवाज माहीत आहे, दातांतून जातो. खिडकीबाहेर ठिणग्या पडत होत्या. सळ्यांना हात लावायचा नाही म्हणून ज्याने मिशी पणाला लावली होती, तोच वर होता. बिचाऱ्याचा मालक आता दुसरा.

अब्बांनी डोळे उघडले. "सळ्या कापतायत?"

मी त्यांच्या पायाशी बसले होते. खरं सांगायचं असं ठरवून तोंड उघडलं, अल्लाह शपथ. आणि तोंडातून निघालं, "नाही अब्बा. जोडतायत. वाढवतायत."

"कशाला? प्लेटांना सळ्या कशाला वाढवायच्या?"

"प्लेटा नाहीत, अब्बा. अझहरने मजला बांधायला काढलाय. त्याचीच माणसं आहेत. तुम्हाला नंतर सांगणार होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पकडलं. मग त्यांनी नळी बाजूला केली आणि नऊ वर्षांनी तुझं नाव घेतलं. "अझहर बांधतोय?"

"हो."

"स्वतः आलाय?"

"येणार आहे. थंडीत."

'थंडीत' हा शब्द माझ्या तोंडात हाजींनी ठेवलेला होताच, तोच आला.

अब्बा हसले. किती दिवसांनी त्यांचे दात बघितले. म्हणाले, "थंडीतच यावं. उन्हाळ्यात पोरीला सोसायचं नाही इथलं." वर चक्र फिरत होतं आणि प्रत्येक सळी तुटून पडली की ते मान हलवायचे, जणू एकेक वीट चढते आहे. मध्ये बत्ती गेली. यंत्र ओरडायला लागलं, मी सिलिंडर उघडला. वरचं चक्र थांबलं नाही, त्याला हाजींच्या बॅटरीची वीज होती. अब्बा म्हणाले, "बघ, आपली गेली तरी त्याचं काम चालू आहे. पोरगा हुशार निघाला."

मी ओढणी तोंडात कोंबून अंगणात गेले.

परत आले तर त्यांनी मला जवळ बसवलं. एका वेळी दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द, असा हा निरोप सांगितला. जसा आहे तसा लिहिते:

'त्याला लिही, जिना बाहेरून काढू नको म्हणावं. लोक सांगतील, बाहेरून काढ, वेगळं राहता येतं. ऐकू नको. जिना बाहेरून असला की माणूस खालच्यांना न भेटताच वर निघून जातो. आतून ठेव. येता-जाता दिसशील.'

मी म्हटलं, लिहिते.

जिन्याच्या तोंडाला आज सकाळी विटा लागल्या. वरून यायचा तेवढा उजेडही गेला, आता भरदुपारी खोलीत दिवा लावावा लागतो, बत्ती असली तर. अब्बांनी गवंड्याची थापी ऐकली आणि विचारलं, जिन्याचंच काम ना? मी हो म्हटलं.

निरोप पोचवला.

आपा